ज्याच्याविषयी निर्णय, तो समोर हवा

संपादक मंडळाचे पत्र आले. विधी शाखेकडे मी कसा वळलो आणि चांगली मिळकत देणारी वकिली सोडून जनहिताच्या कामाकडे कसा आलो, हे आजच्या विद्यार्थ्यांसाठी लिहावे, अशी त्यांची सूचना होती. पत्रातील दुसरे विधान पूर्णांशाने खरे नाही; त्याचा खुलासा पुढे करीन. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला विधी महाविद्यालयात सापडत नाही. ते आपल्या विद्यालयाच्या प्रार्थना सभागृहात सापडते आणि ते सांगावयाचे तर स्वतःचा एक अपराधही सांगावा लागतो. स्मरणिकेत गोड आठवणी लिहाव्यात असा प्रघात आहे. परंतु रोज सकाळी पंचशील म्हणताना चौथे शील ज्या वास्तूत आपण उच्चारले, तिच्याविषयी लिहिताना काही लपवावे, हे मनाला पटत नाही.

जून 2002 मध्ये इयत्ता पाचवीसाठी मी या विद्यालयात दाखल झालो. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. आमचे गाव बीड जिल्ह्यातले, कोरडवाहू. दसरा झाला की मुकादमाचा ट्रॅक्टर गावात येई आणि निम्मे गाव पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या वाटेला लागे. आईवडिलांसोबत दोन हंगाम मीही कोपीत काढले होते. पहाटेच्या थंडीत आई मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढत असे, ते मी पाहिलेले होते. तरीही प्रवेशाच्या दिवशी अधीक्षक सरांनी वडिलांना विचारले, "यांच्या आईचा व्यवसाय?" तेव्हा वडील सहज म्हणाले, "ती घरीच असती." मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

सरांनी लेखणी थांबविली आणि आईकडे वळून विचारले, "ताई, तुम्ही सांगा. तुम्ही काय काम करता?" आईने पदर सावरला. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "उसाला जाते." छापील अर्जात 'पालकाचा व्यवसाय' एवढा एकच रकाना होता. सरांनी त्याखाली पट्टीने एक रेघ ओढली आणि लिहिले : 'आई : ऊसतोड कामगार'. आईच्या कामाची नोंद झालेला तो तिच्या आयुष्यातला पहिला कागद असावा, हे मला फार उशिरा उमगले. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशोब नवऱ्याच्या नावावर. बायको त्या कोयत्याचा अर्धा भाग असते. वहीत तिला नाव नसते.

आता त्या अपराधाविषयी. मी आठवीत असताना एका मित्राच्या पेटीतून दोनशे रुपये नाहीसे झाले. घरून आलेल्या मनीऑर्डरीचे ते पैसे होते. त्या काळी आमच्या दृष्टीने ती मोठी रक्कम होती. आमच्या खोलीत पारधी समाजातला एक मुलगा होता. शांत, अभ्यासात बेताचा, कबड्डीत मात्र कोणाला न आवरणारा. संध्याकाळपर्यंत संशयाचे रूपांतर खात्रीत झाले. कोणी काही पाहिले नव्हते. पाहण्याची कोणाला गरजही वाटली नाही. मोठ्या मुलांनी भन्तेजींच्या नावे एक तक्रार लिहिली, त्यास वसतिगृहातून काढून टाकावे अशी मागणी केली आणि खाली सत्तावीस जणांच्या सह्या घेतल्या. त्यांत अकरावी सही माझी होती.

भन्तेजींनी पत्र वाचले, घडी घालून मांडीवर ठेवले आणि विचारले, "यात ज्याचे नाव आहे, तो कुठे आहे?" त्याला पाणी भरावयास पाठविले होते. भन्तेजी म्हणाले, "मग आपण थांबू." तो ओल्या हातांनी आत आला. त्याला आपल्याजवळ बसवून भन्तेजींनी ते पत्र त्याच्यासमोर मोठ्याने वाचले. नंतर सही करणाऱ्या प्रत्येकाला उभे करून एकच प्रश्न विचारला, "तू स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलेस?" माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "सगळ्यांनी केली म्हणून सही केली." सत्तावीस जणांपैकी एकानेही काही पाहिलेले नव्हते.

त्या रात्री भन्तेजींनी आम्हांला विनयपिटकाविषयी सांगितले. भिक्षुसंघात वाद उद्भवला तर तो मिटविण्याचे सात प्रकार विनयात सांगितले आहेत. त्यांतला पहिला 'सम्मुखाविनय', म्हणजे समोरासमोर निर्णय. संघ समोर हवा, धम्म समोर हवा, विनय समोर हवा आणि ज्याच्याविषयी निर्णय द्यावयाचा ती व्यक्तीही समोर हवी. काही भिक्षूंनी गैरहजर भिक्षूंविरुद्ध परस्पर कारवाई केली, म्हणून हा नियम घालून द्यावा लागला. विनयातले नियम असेच एकेका घडलेल्या प्रसंगातून निर्माण झाले, असेही ते म्हणाले.

पैसे कधीच सापडले नाहीत. मित्राला ते विद्यालयाच्या निधीतून देण्यात आले. ज्याच्यावर आळ आला होता, तो मुलगा दिवाळीच्या सुट्टीत घरी गेला तो परतला नाही. अधीक्षक सर त्याच्या पालावर दोनदा जाऊन आले; कुटुंब तेथून हललेले होते. भन्तेजींनी त्याला न्याय दिला, परंतु आम्ही जे केले ते त्या न्यायाने पुसले गेले नाही. पुढे विधी महाविद्यालयात 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा वाचनात आला. एखाद्या जमातीत जन्मणे हाच ज्यात पुरावा मानला जाई, असा तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. ते पान वाचताना मला जाणवले की, कायदा रद्द होऊन अर्धशतक उलटल्यावर आम्ही सत्तावीस मुलांनी तो एका खोलीत पुन्हा अमलात आणला होता.

बारावीनंतर नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयात कला शाखेत शिकू लागलो. तेव्हा शिक्षक होण्याचा विचार होता. दुसऱ्या वर्षाला असताना, 2011 च्या हिवाळ्यात, वडील फडातच आजारी पडून वारले. तेराव्याच्या आत मुकादम घरी आला. "वहिनी, दादांची उचल फिटायची राहिली," तो म्हणाला आणि आकडा सांगितला. मी वही दाखवा म्हणालो. वही कारखान्यावर आहे, असे उत्तर मिळाले. मी लेखी अर्ज दिला. तो त्याने वाचून परत माझ्याच हातात ठेवला. शेवटी आईने एक शेळी आणि कानातले विकून काही रक्कम भागविली आणि पुढचा हंगाम ती एकटी, दुसऱ्या एका विधवेबरोबर कोयता जोडून गेली. मजुरीच्या हिशोबात जी अर्धी होती, ती कर्जाच्या हिशोबात पूर्ण धरली गेली. आईची बाजू ऐकणारे कोणी नव्हते आणि तिच्यापाशी कागदही नव्हता. मी वकील व्हावयाचे ठरविले ते त्या दिवशी. त्यात ध्येयवादापेक्षा संताप अधिक होता, हे कबूल करतो.

2013 ते 2016 ही विधी शिक्षणाची तीन वर्षे. सकाळी वर्ग आणि दुपारनंतर अदालत रोडवर एका टंकलेखकाकडे काम. त्या कामाने मला पुस्तकांइतकेच शिकविले. वकीलपत्र, शपथपत्र, मुदतीचा अर्ज, रोजनाम्याची नक्कल, हे सारे कागद हाताखालून गेले. संताप हळूहळू निवला आणि त्याच्या जागी कामाची रीत आली.

वर्गात शिकविलेल्या काही निकालांनी मला आपले विद्यालय आठवत असे. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. एच. हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सांगितले की, शिक्षा झालेल्या बंद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर तो शासनाने दिला पाहिजे. पुढल्याच वर्षी हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांना त्याच न्यायालयाने ऐकले. 1983 मध्ये निकाल लागलेल्या प्रकरणात पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतल्या पोलीस कोठड्यांत स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीविषयी पत्र लिहिले आणि त्या पत्रालाच याचिका मानण्यात आले. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या प्रकरणात खाणकामगारांकडे पुरावा नव्हता, म्हणून न्यायालयाने चौकशीसाठी आयुक्त खाणींवर पाठविले. जो न्यायालयापर्यंत येऊ शकत नाही त्याच्यापर्यंत न्यायालयाने जावे, हा जनहित याचिकेचा गाभा आहे. 'तो कुठे आहे? मग आपण थांबू,' असे भन्तेजी म्हणाले होते. दोहोंत मला फारसे अंतर दिसले नाही.

आमच्या एका प्राध्यापकांनी महाडच्या दाव्याचा अभ्यास करावयास लावले. 20 मार्च 1927 चा सत्याग्रह आपण दरवर्षी स्मरतो. त्यानंतरचा दावा क्वचितच कोणी सांगतो. चवदार तळे ही आमची खाजगी मालमत्ता आहे, असे म्हणून काही सवर्ण रहिवाशांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी तो हुकूम मानला आणि लढा न्यायालयात नेला. तळे नगरपालिकेचे आहे की नाही, अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी खरोखरच अनादी आहे की नाही, यावर साक्षीपुरावे झाले. महाड, ठाणे आणि अखेर मुंबई उच्च न्यायालय. 17 मार्च 1937 रोजी निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. अशी अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. एका ओंजळ पाण्यासाठी सुमारे दहा वर्षे! ज्यांना तळ्यापाशी उभे राहू दिले जात नव्हते, ते प्रतिवादी म्हणून का होईना, न्यायालयात समोर उभे राहिले आणि उलट पक्षालाच पुरावा द्यावा लागला. चिकाटी हे वकिलीतले मुख्य भांडवल आहे, हे मी त्या कागदपत्रांतून शिकलो.

दुसऱ्या वर्षी महाविद्यालयाच्या विधी साहाय्य केंद्रातर्फे आम्ही एका कारागृहाला भेट दिली. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 अन्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील प्रत्येक व्यक्ती मोफत विधी सेवेस पात्र आहे. हे आम्ही पाठ केले होते. तेथे पंचविशीतला एक तरुण भेटला. त्याचा जामीन मंजूर होऊन चार महिने झाले होते. परंतु जामीनदार कोठून आणावा हे त्याला ठाऊक नव्हते आणि आपल्या वकिलाचे नावही त्याला सांगता येईना. आम्ही प्राधिकरणाकडे पत्र दिले, तेथल्या वकिलांनी अर्ज केला आणि तो जातमुचलक्यावर सुटला. त्यासाठी कोणताही नवा कायदा लागला नाही. दोन पानांचा अर्ज आणि तो कोणीतरी लिहिणे, एवढेच लागले. त्या भेटीत बंद्यांची यादी हाती आली तेव्हा मी आधी एक नाव शोधले. आमच्या खोलीतल्या त्या मुलाचे. ते त्यात नव्हते. आजही अशी यादी समोर आली की माझे डोळे प्रथम तेच नाव शोधतात आणि ते न सापडल्याचे समाधान वाटते.

सनद मिळाल्यावर निवडीची वेळ आली. खंडपीठात भूसंपादनाच्या मोबदल्याची कामे चालविणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांनी मला कार्यालयात बोलाविले. नियमित मानधन, पुढे पक्षकारांचा ओघ. दुसरीकडे विधी साहाय्याचे काम. त्याचे मानधन थोडे आणि तेही उशिरा हाती येणारे. गावाकडे घरावर पत्रे होते, धाकट्या बहिणीचे शिक्षण चालू होते. आईने स्पष्ट विचारले, "लोकांचं भांडतूस ते चांगलंच, पर आपल्या पोटाचं कोण बघनार?" त्या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही. मी आठवड्यातले चार दिवस ज्येष्ठांकडे काम करू लागलो आणि दोन दिवस विधी साहाय्याला दिले. आजही माझे घर मुख्यत्वे मोबदल्याच्या दाव्यांवरच चालते. म्हणून 'मिळकत सोडून' हे संपादकांचे शब्द मला लागू पडत नाहीत. मिळकतीची वकिली आणि जनहिताची वकिली यांत भिंत असते, असे मानून अनेक हुशार विद्यार्थी दुसऱ्या बाजूला फिरकतच नाहीत. भिंत नाही, वेळापत्रक आहे.

आणखी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. जनहिताची वकिली म्हणजे केवळ जनहित याचिका नव्हे. याचिका हे जपून वापरावयाचे साधन आहे; तिचा दुरुपयोग वाढल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाला 2010 मध्ये बलवंत सिंह चौफाल प्रकरणात मार्गदर्शक सूचना द्याव्या लागल्या. माझ्या कामातले बहुतेक जनहित एकेका माणसाच्या साध्या दाव्यात असते. त्यांतला एक दावा येथे सांगणे उचित होईल, कारण त्यात आपले विद्यालय साक्षीदार होते.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून एका ऊसतोड भगिनीच्या उजव्या हाताची पकड कायमची गेली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे प्रकरण आले. विमा कंपनीचे म्हणणे असे की, अर्जदार गृहिणी आहे. कोयता नवऱ्याच्या नावावर होता. घरकामालाही मूल्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या कीर्ती प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले आहे. परंतु येथे प्रश्न त्याहून निराळा होता. अपंगत्वामुळे मिळकत किती बुडाली हे त्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष कामावर ठरते, असे 2010 च्या राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सांगितले आहे. घरात वावरणाऱ्या स्त्रीचा हात आणि कोयता चालविणाऱ्या स्त्रीचा हात यांचे नुकसान कायद्याच्या हिशोबात सारखे ठरत नाही. म्हणून ती ऊस तोडीत होती, हे सिद्ध करणे भाग होते.

आम्ही कागद जमवू लागलो. टोळीच्या वजनाच्या पावत्या मिळाल्या. त्यांवर तिचे नाव नव्हते. धाकट्या मुलाच्या गावच्या शाळेतले हजेरीपट मिळाले. दरवर्षी हंगामाच्या महिन्यांत तो गैरहजर. टोळीतल्या दोन स्त्रियांच्या साक्षी झाल्या. बोलता बोलता तिने सांगितले की, थोरली मुलगी शहरात निवासी शाळेत आहे. शाळेचे नाव ऐकून मी लेखणी खाली ठेवली. ती आपली शाळा होती.

दुसऱ्या दिवशी मी विद्यालयात आलो. अधीक्षक सर निवृत्त झाले होते, परंतु त्यांची रीत कार्यालयात टिकून होती. 2016 च्या प्रवेश अर्जावर, छापील रकान्याखाली, पट्टीने ओढलेली रेघ होती आणि तिच्याखाली लिहिले होते : 'आई : ऊसतोड कामगार'. अपघाताच्या दोन वर्षे आधीची नोंद. नुकसानभरपाईचा विचारही कोणाच्या मनात नसताना केलेली. विद्यालयाचे लिपिक मूळ अर्ज घेऊन साक्षीला आले. उलटतपासणीत त्यांना विचारण्यात आले, "छापील अर्जात नसलेली माहिती तुम्ही का लिहिता?" ते म्हणाले, "आमच्याकडे आईला विचारून लिहायची पद्धत आहे."

मिलिंद राजाला नागसेनांनी रथाचा दृष्टान्त दिला होता. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे; सारे एकत्र आले की त्याला रथ म्हणतात. पुराव्याचेही तसेच असते. त्या एका अर्जाने दावा जिंकला असे मी म्हणणार नाही. पावत्या, हजेरीपट, साक्षी आणि तो अर्ज एकत्र आले तेव्हा पुरावा उभा राहिला. 2022 मध्ये निकाल लागला. मागितली त्यापेक्षा रक्कम कमी मिळाली. परंतु निकालपत्रात तिच्या नावापुढे 'व्यवसाय : ऊसतोड कामगार' असे नमूद झाले. मी तो परिच्छेद तिला वाचून दाखविला. तिने पुन्हा एकदा वाचावयास सांगितले. त्या संध्याकाळी मी तो आईलाही वाचून दाखविला. ती काही बोलली नाही. तिने आपले हात मात्र उलटसुलट करून पाहिले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण विधी शाखेकडे वळतील. त्यांना उपदेश करण्याएवढा मी मोठा नाही. पण अनुभवाच्या तीन गोष्टी सांगतो. अर्ज स्वतःच्या हाताने लिहावयास शिका, त्याची प्रत ठेवा आणि पोच घ्या. माझा पहिला अर्ज मुकादमाने परत केला, तेव्हा पोच घ्यावी हे मला ठाऊक नव्हते. दुसरे, पहिल्या काही वर्षांच्या उदरनिर्वाहाचा हिशोब आधीच मांडा. उपाशी वकील फार काळ कोणाच्या उपयोगी पडत नाही. तिसरे, कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी स्वतःला विचारा, यात ज्याचे नाव आहे तो कुठे आहे?

आमचा तो मित्र आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. ही स्मरणिका त्याच्या हाती पडण्याचा संभव थोडाच. पण कदाचित त्याचे मूल कोठेतरी शिकत असेल, कोणी वाचून दाखवील. त्याच्यासाठी हे येथे नोंदवून ठेवतो : त्या पत्रावर अकरावी सही माझी होती. मी काहीही पाहिले नव्हते.

सविनय जय भीम.